वाचलेल्या बाईचे पुढचे दिवस

मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका म्हटली की तीत वर्षाचा अहवाल, सहलीची हकिकत, एक-दोन पाककृती आणि एखादा आरोग्यविषयक लेख हे ठरलेलेच असते. आरोग्याचा लेखही बहुधा मुलांचे आजार, मधुमेह किंवा गुडघेदुखी यांवर असतो. यंदाचा विषय वाचून मात्र काही भगिनी क्षणभर संकोचतील. मूत्राशयाचा कर्करोग झालेल्या स्त्रीवर मोठी शस्त्रक्रिया होते, ती वाचते, घरी येते. त्यानंतर तिच्या मनाचे, तिच्या आणि पतीच्या सहवासाचे, तिच्या शरीरसुखाचे काय होते, हा तो विषय होय.

लोअर परळमधल्या स्त्रियांना हा विषय परका नसावा. कर्करोगाच्या उपचारासाठी सगळ्या देशातून माणसे ज्या टाटा स्मारक रुग्णालयात येतात, ते आपल्या शेजारी परळलाच आहे. त्याच्या बाहेर पदपथावर गाठोडी घेऊन बसलेली कुटुंबे आपण येता-जाता पाहतो. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरणारे रोगी आपल्याला ठाऊक आहेत. रोग बरा होतो की नाही, खर्च किती येतो, याची चौकशी आपण करतो. बरी झालेली बाई पुढे कशी जगते, ही चौकशी मात्र आपण सहसा करीत नाही. आणि केवळ आपणच नव्हे. खुद्द वैद्यकशास्त्रानेही ती फार उशिरा केली. त्या उशिराचा इतिहास येथे थोडक्यात मांडावयाचा आहे.

दुखणे सांगायचे कोणाला?

मुंबईत स्त्रियांच्या दुखण्याला पहिला अडसर होता तो लाजेचा. पुरुष डॉक्टरला अंग दाखवण्यापेक्षा दुखणे अंगावर काढणे बरे, असे मानणाऱ्या स्त्रिया एकोणिसाव्या शतकात घरोघरी होत्या. या अडचणीवर उपाय म्हणून स्त्री-डॉक्टरांनी स्त्रियांवर उपचार करावेत अशी योजना पुढे आली. इंग्लंडहून डॉ. एडिथ पेची १८८३ च्या अखेरीस मुंबईस आल्या आणि पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून उभे राहिलेले कामा रुग्णालय १८८६ साली सुरू झाले. स्त्रीला आपले दुखणे सांगण्यासाठी एक दार उघडले. परंतु तेथे सांगायचे ते बाळंतपणाचे आणि आजाराचे. सुखाचा किंवा सुखाच्या अभावाचा उच्चार करण्याची सोय कोठेच नव्हती.

तो उच्चार जाहीरपणे केला तो गिरगावात राहून रघुनाथ धोंडो कर्वे यांनी. महर्षी कर्व्यांच्या या चिरंजीवांनी १९२१ साली संततिनियमनाचे केंद्र काढले आणि जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केले. १९५३ साली त्यांचे निधन होईपर्यंत ते त्यांनी चालवले. कामसुख हा एकट्या पुरुषाचा हक्क नव्हे, स्त्रीलाही तो तितकाच आहे, हे त्यांनी निक्षून मांडले. वाचकांच्या खासगी प्रश्नांना ते सरळ, शास्त्रीय भाषेत उत्तरे देत. त्याबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र घेतले होते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. आयुष्याची वीस-बावीस वर्षे परळच्या बी.आय.टी. चाळीत काढलेल्या बाबासाहेबांनी, लैंगिक विषयावर लिहिले म्हणजे ते अश्लीलच झाले असे नव्हे, अशी बाजू मांडली. खटला ते हरले. तथापि या विषयावर लाज सोडून, परंतु सभ्यता न सोडता बोलता येते, हे आपल्या या शहरात तेव्हाच सिद्ध झाले. आज आपण जे बोलणार आहोत, त्याला ही जुनी परंपरा आहे.

परळला आलेले शास्त्र

लेडी मेहरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. पुढल्याच वर्षी सर दोराबजी टाटाही गेले. त्यांच्या नावाच्या विश्वस्त निधीने परळला २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा स्मारक रुग्णालय सुरू केले. १९५७ साली ते केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याकडे आणि १९६२ साली अणुशक्ती खात्याकडे गेले. ज्या रस्त्यावर ते उभे आहे त्याला डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांचे नाव आहे. मूळचे गोव्याचे हे शल्यविशारद याच रुग्णालयात नावारूपास आले. १९५१ साली मुंबईत इंडियन कॅन्सर सोसायटी स्थापन झाली आणि १९६३ पासून शहरातील कर्करोग्यांची पद्धतशीर नोंद ठेवण्यास आरंभ झाला. कोणत्या अवयवाचा रोग किती स्त्रियांना व किती पुरुषांना झाला, हे तेव्हापासून आकड्यांत दिसू लागले.

मूत्राशयाचा कर्करोग पुरुषांमध्ये स्त्रियांच्या तीन ते चार पट आढळतो. विडी-सिगारेटचा धूर हे त्याचे सर्वांत मोठे कारण. धुरातील विषारी द्रव्ये रक्तातून मूत्रात उतरतात आणि तासन् तास मूत्राशयाच्या अस्तराशी राहतात. दुसरे कारण रंगांच्या रसायनांचे. फ्रँकफुर्टचे डॉ. लुडविग रेन यांनी रंग तयार करणाऱ्या कारखान्यातील कामगारांत हा रोग आढळल्याचे १८९५ सालीच सांगितले होते. रोग पुरुषांत अधिक, म्हणून त्याचा अभ्यासही पुरुषांच्याच शरीरावर अधिक झाला. स्त्री या इतिहासात मागाहून येते, याचे एक मूळ येथे आहे.

शस्त्रक्रियेची शंभर वर्षे

मूत्राशय काढून टाकायचे, तर मूत्राला वाट कोठून द्यायची? शल्यविशारदांना हा प्रश्न शंभर वर्षे छळत होता. लंडनच्या जॉन सायमन यांनी १८५१ साली मूत्रवाहिन्या मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात सोडण्याचा प्रयत्न केला. पुढे अनेकांनी ती रीत सुधारली. परंतु तीत मूत्र आणि मल एकाच वाटेने येत, जंतू वर चढून मूत्रपिंडे बिघडत. रोगी कर्करोगातून वाचला तरी या त्रासातून सुटत नसे.

अमेरिकेतील सेंट लुइस येथील डॉ. यूजीन ब्रिकर यांनी १९५० साली निराळी रीत प्रसिद्ध केली. लहान आतड्याचा वीतभर तुकडा वेगळा करायचा, दोन्ही मूत्रवाहिन्या त्यास जोडायच्या आणि त्याचे एक तोंड पोटावर उजव्या बाजूस बाहेर काढायचे. या तोंडास स्टोमा म्हणतात. त्यावर पिशवी चिकटवतात, मूत्र सतत तीत जमते आणि दर काही तासांनी ती रिकामी करावी लागते. ही रीत आजही जगभर रूढ आहे. आतड्याचेच नवे मूत्राशय करून ते आत, मूळच्या जागी बसवण्याची शस्त्रक्रियाही नंतर आली. स्त्रियांमध्ये ती १९९० च्या दशकात रुळू लागली. तीत बाहेर पिशवी लागत नाही. मात्र प्रत्येकीला ती करता येतेच असे नाही.

येथवरचा इतिहास शास्त्राच्या यशाचा आहे आणि त्याविषयी कृतज्ञता बाळगलीच पाहिजे. परंतु स्त्रीच्या बाबतीत या शस्त्रक्रियेत केवळ मूत्राशय जात नसे. रोग मागे राहू नये म्हणून मूत्राशयाबरोबर गर्भाशय, बीजकोश, बीजवाहिन्या, मूत्रमार्ग आणि योनिमार्गाची पुढची भिंत हेही काढण्याचा प्रघात होता. उरलेला योनिमार्ग आखूड आणि अरुंद होई. दोन्ही बाजूंनी जाणारे नाजूक मज्जातंतू तुटले म्हणजे संवेदना, ओलावा आणि तृप्ती यांवर परिणाम होई. बीजकोश गेले म्हणजे पाळी एकाएकी थांबे; घाम, झोपमोड, कोरडेपणा, मनाची चिडचिड हे सारे एकदम अंगावर येई. आणि यातले काय काय होणार आहे, हे कित्येक जणींना आधी कोणी सांगितलेलेच नसे. ‘गाठ काढली, जीव वाचला’ एवढ्यावर बोलणे संपे.

न विचारलेला प्रश्न

पुरुषाच्या बाबतीत हा प्रश्न आधी विचारला गेला. बाल्टिमोरचे डॉ. पॅट्रिक वॉल्श आणि हॉलंडमधील लायडन येथील डॉ. पीटर डोंकर यांनी पुरुषाच्या कामशक्तीचे मज्जातंतू नेमके कोठून जातात ते शोधून काढले. एप्रिल १९८२ मध्ये वॉल्श यांनी ते तंतू हेतुपुरस्सर राखून प्रोस्टेट ग्रंथीची शस्त्रक्रिया केली. पुढे पुरुषांचे मूत्राशय काढतानाही तोच विचार होऊ लागला.

स्त्रीसाठी असा नकाशा नीट काढायला आणखी सोळा वर्षे लागली. मेलबर्नच्या डॉ. हेलन ओकॉनेल या मूत्ररोगांच्या शल्यविशारद. स्त्रीच्या कामसुखाचे मुख्य इंद्रिय, म्हणजे शिश्निका, हिचे वर्णन वैद्यकाच्या पुस्तकांत त्रोटक आणि चुकीचे आहे, असे त्यांना आढळले. बाहेर दिसतो तो केवळ टोकाचा बिंदू असून त्याचा मोठा भाग आत, मूत्रमार्ग व योनिमार्गाला लगटून पसरलेला असतो, हे त्यांनी १९९८ साली शवविच्छेदनाच्या आधारे दाखवून दिले. म्हणजे मूत्रमार्गाजवळ शस्त्र चालवताना काय दुखावले जाते, याची पुरती कल्पना तोवर शस्त्र चालवणाऱ्यांनाही नव्हती! हा शोध एका स्त्रीने लावला, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे.

त्यानंतर हळूहळू विचारपूस सुरू झाली. अमेरिकेतील क्लीव्हलंड येथील डॉक्टरांनी २००४ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. मूत्राशय काढण्यापूर्वी ज्यांचे कामजीवन चालू होते अशा अवघ्या २७ स्त्रियांची ती पाहणी. नंतर समागम नीट शक्य झालेल्यांची संख्या निम्म्याहूनही कमी निघाली. सत्तावीस हा आकडा लहान आहे. परंतु ब्रिकर यांच्या शस्त्रक्रियेनंतर चौपन्न वर्षांनी एवढ्याच जणींचे उत्तर नोंदले जावे, यावरूनच या प्रश्नाकडे किती दुर्लक्ष झाले होते ते कळते.

दहा बाय सोळाच्या खोलीत

आता आपल्याकडे वळू. परदेशी ग्रंथांत पती-पत्नींनी एकान्तात मोकळेपणी बोलावे, असा उपदेश असतो. आपल्या भागात एकान्त हीच दुर्मीळ वस्तू. ना. म. जोशी मार्गावरील बी.डी.डी. चाळींतली खोली सुमारे १६० चौरस फुटांची. तीत सासू-सासरे, मुले आणि नवरा-बायको; संडास मजल्याच्या टोकाला, सगळ्यांच्या वापराचे. गिरणगावातल्या बहुतेक चाळींची रचना कमी-अधिक अशीच. काही चाळींच्या जागी आता मनोरे उभे राहत आहेत. तरीही कित्येक घरांत सहा माणसे एका खोलीत निजतात.

अशा घरात पोटावर पिशवी घेऊन परतलेल्या बाईची स्थिती डोळ्यांपुढे आणा. पिशवी रिकामी करायला पहाटे रांगेत उभे राहायचे. बदलायची तर आडोसा कोठला? वास येईल का, गळेल का, ही धास्ती. रात्री लांब नळीची मोठी पिशवी लावून निजायचे, तर ती शेजारी निजलेल्या मुलांना दिसणार. ती भिंतीकडे तोंड करून निजते. नवरा दुखेल म्हणून हात लावत नाही. तिला वाटते, त्याला आपली किळस आली. त्याला वाटते, तिला आता इच्छा उरली नाही. दोघांचेही खरे नसते. परंतु बोलायचे कोणी आणि कधी? महिने जातात, वर्षे जातात. लोक म्हणतात, देवाने वाचवली, आणखी काय हवे? हे वाक्य प्रेमानेच बोलले जाते, पण बाईचे तोंड त्यानेच बंद होते.

विधवा, अविवाहित किंवा पतीपासून वेगळ्या राहणाऱ्या स्त्रीला तर कोणी काही विचारतच नाही. तिला नवरा नाही म्हणजे हा प्रश्नही नाही, असे धरून चालतात. वस्तुतः आपले शरीर आपल्याला परके वाटू नये, आरशापुढे उभे राहताना मान खाली जाऊ नये, ही गरज सर्वांना सारखीच आहे.

बाईनेच बाईला शिकवले

या अंधारात पहिला दिवा लावला तो एका रोगी स्त्रीने. अमेरिकेतील नॉर्मा गिल या गृहिणीला आतड्याच्या आजारामुळे पोटावर पिशवी आली होती. ती सांभाळायला त्या स्वतः शिकल्या, मग इतरांना शिकवू लागल्या. क्लीव्हलंडच्या डॉ. रूपर्ट टर्नबुल यांनी १९५८ साली त्यांना रुग्णालयात कामास घेतले आणि १९६१ पासून या कामाचे रीतसर शिक्षण सुरू झाले. स्टोमाची काळजी घेणाऱ्या परिचारिकांचा पेशा जगात असा जन्मास आला. आपल्या टाटा रुग्णालयातही अशा परिचारिका आहेत आणि तेथे त्यांचे शिक्षणही दिले गेले आहे. पिशवी असलेल्या रोग्यांनी एकमेकांना धीर देण्यासाठी स्थापलेली ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्थाही १९७० च्या दशकात मुंबईतच निघाली. ज्याने स्वतः भोगले त्याच्या तोंडचे दोन शब्द औषधाइतके लागू पडतात, हे या संस्थांचे सूत्र.

आज काय करता येते?

पहिली गोष्ट, मूत्राशयाचा कर्करोग झालेल्या प्रत्येकीचे मूत्राशय काढावे लागत नाही. रोग अस्तरापुरताच असेल, तर दुर्बिणीने गाठ खरवडून काढतात आणि मूत्राशयात औषध सोडतात. मुलांना टोचतात तीच बी.सी.जी. लस या कामी १९७६ पासून वापरात आली आहे. रोग स्नायूत शिरला असला, तरी काही निवडक रोग्यांत औषधे व किरणोपचार यांवर मूत्राशय राखता येते.

दुसरी गोष्ट, मूत्राशय काढणे भाग असले तरी गाठीची जागा व पसारा पाहून गर्भाशय, बीजकोश, योनिमार्गाची भिंत आणि मज्जातंतू राखता येतात का, याचा विचार आज होतो. प्रत्येकीत ते शक्य नसते. जीव आधी, हे खरेच. परंतु शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांना हे विचारण्याचा अधिकार प्रत्येक स्त्रीला आहे. ‘काय काय काढणार? काय राखता येईल? नंतर संबंध ठेवता येतील का?’ हे तीन प्रश्न कागदावर लिहून न्यावेत. बोलवत नसेल तर कागदच पुढे करावा.

तिसरी गोष्ट, शस्त्रक्रियेनंतरही उपाय आहेत. जखम भरल्याचे पाहून डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर संबंधांस हरकत नसते. कर्करोग सहवासाने पतीला लागत नाही आणि सहवासाने उलटतही नाही. कोरडेपणासाठी औषधाच्या दुकानात पाण्यात विरघळणारी जेली मिळते. इस्ट्रोजेनचे मलम काहींना चालते, ते डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. आखूड झालेला मार्ग हळूहळू मोकळा करण्यासाठी डायलेटर नावाचे साधन असते. कटिभागाच्या स्नायूंचे व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्ट असतात. सहवासापूर्वी पिशवी रिकामी करावी, तिच्यावर सुती कापडाचे आवरण शिवावे, पोटावर भार येणार नाही अशी कूस धरावी. समागम न जमला तरी जवळीक संपत नाही. हातात हात घेणे, कुशीत घेणे, केसांत बोटे फिरवणे यांनीही मन भरते. मन फारच खचले, रडे आवरेनासे झाले, झोप-जेवण तुटले, तर मानसोपचाराची मदत घ्यावी. त्यात कमीपणा काहीच नाही.

चौथी गोष्ट सर्वांसाठी. लघवीतून रक्त जाणे, मग ते एकदाच का दिसेना आणि दुखत का नसेना, ही या रोगाची मुख्य खूण. स्त्रिया ते पाळीचे समजतात, किंवा लघवीचा जंतुसंसर्ग म्हणून औषधे घेत राहतात आणि मोलाचे महिने जातात. पाळी थांबलेल्या बाईने तर अशा रक्ताकडे एक दिवसही दुर्लक्ष करू नये. रोग लवकर सापडला, तर वर सांगितलेले बरेचसे नुकसान टळते.

मंडळाचे काम

आपल्या मंडळाला शस्त्रक्रिया करता येत नाही की औषध देता येत नाही. परंतु इस्पितळांना जे साधत नाही ते आपल्याला साधते. स्टोमाची काळजी घेणाऱ्या परिचारिकेस वर्षातून एकदा व्याख्यानासाठी बोलवावे आणि त्या दिवशी पुरुषांना बाहेर ठेवावे. दुसऱ्या दिवशी पतींसाठी वेगळी बैठक घ्यावी. चाळीत अशी भगिनी असेल, तर संडासाच्या रांगेत तिला न विचारता पुढे जाऊ द्यावे. मंडळाची खोली दुपारी रिकामी असते. पिशवी बदलण्यासाठी तिची किल्ली अशा भगिनीला द्यावी. तिची मुले संध्याकाळी तासभर आपल्याकडे अभ्यासाला बसवावीत, म्हणजे तिला आणि तिच्या पतीला दोन शब्द बोलायला घर मोकळे मिळेल. यास पैसा लागत नाही, वर्गणी लागत नाही.

आणि तिला भेटायला जाल तेव्हा ‘वाचलीस, नशीब!’ एवढे म्हणून उठू नका. ‘आता तुला बरे वाटते का? मनाला? घरात?’ असे हळूच विचारा आणि उत्तर ऐकायला थांबा. ती लगेच बोलणार नाही. कदाचित चौथ्या भेटीत बोलेल. चौथ्या भेटीपर्यंत जात राहावे, एवढीच या वर्धापनदिनी सर्व भगिनींना विनंती.